गरबा, घोटा आणि बांची यात्रा



पर्युषण झालं, क्षमापना झाली, पारण्यांची गडबड संपली आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गरब्याच्या सरावाची वेळसुद्धा आली. आठवड्यातून तीन दिवस, पार्किंगमध्ये. त्या मेसेजखाली पंचवीस-तीस जणींनी लगेच अंगठे टाकले. मी अंगठा टाकायच्या आधी शू-रॅकच्या खालच्या कप्प्यातून घोट्याचा पट्टा बाहेर काढला आणि त्याचं वेल्क्रो अजून चिकटतं का ते बघितलं.

या पट्ट्याची गोष्ट मी इथे कधी लिहिली नाही. लाज वाटत होती, दुसरं काही नाही. आपल्यातल्या काही घरांत गरब्याला जात नाहीत, ते देवीचं आहे, आपलं नाही, असं मानतात. तो वाद मी इथे काढणार नाही. ज्या जातात त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मी मूळची सांगलीकडची. लहानपणी आमच्या गल्लीत हादगा असायचा. पाटावर हत्तीचं चित्र, भोवती मुलींचा फेर, आणि सगळ्यांचं लक्ष खिरापतीकडे. हादग्यात कुणाचा पाय मुरगळलेला मी आजवर ऐकलेला नाही. गरबा मी लग्नानंतर पुण्यात शिकले. सासर गुजराती, आणि सासूबाईंचं, म्हणजे आमच्या बांचं, माहेर भावनगरचं. बा सांगतात, त्यांच्या लहानपणी चौकात मध्यभागी भोकाभोकाचा मातीचा घडा, आत दिवा, आणि बायका स्वतःच गात स्वतःच फिरायच्या. सुरुवात अगदी संथ टाळ्यांनी व्हायची. रात्र चढेल तशी लय चढायची. गाणारीला दम लागला की नाचणारीही आपोआप थांबायची, कारण दोघी एकच.

आता आमच्याकडे लाउडस्पीकर दहाला बंद करावा लागतो, शेवटच्या काही दिवसांत तेवढी बारापर्यंत सूट मिळते. लोक कामावरून येऊन, जेवून, नटून खाली उतरेपर्यंत साडेआठ. मग उरलेल्या दीड तासात सगळं बसवायचं म्हणून डीजे पहिलं गाणंच शेवटच्या वेगात लावतो. दिवसभर खुर्चीत नाहीतर ओट्यापाशी उभं राहिलेलं शरीर थेट त्यात उडी घेतं.

२०२३ साली मीही तशीच उडी घेतली. नवरात्र १५ ऑक्टोबरला बसलं होतं, माझं झालं ते चौथ्या रात्री. त्या दिवशी माझं बियासणं होतं. सूर्यास्त सहा-दहाच्या सुमाराला, त्याआधी जेवण-पाणी आटोपून चौविहार घेतलेला. दिवसभर बँकेची कामं, लेकीची परीक्षा, त्यात पाणी प्यायले असेन चार-पाच पेले. नवा घागरा होता, आरसेकामाचा. नंतर कुतूहल म्हणून तो रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवला तर साडेचार किलो भरला. विचार करा, साडेचार किलोचं गव्हाचं पोतं कमरेला बांधून कुणी दीड तास उड्या मारायला सांगितल्या तर आपण मारू का?

साडेनऊच्या सुमाराला उजव्या पोटरीत गोळा आला. पाय झटकला, पुन्हा आत शिरले. त्या दिवशी गटांची स्पर्धा होती ना. पुढच्याच गाण्याला गिरकी घेताना पाय पेव्हर ब्लॉकवर अंथरलेल्या कार्पेटच्या दुमडलेल्या कडेवर पडला आणि घोटा आतल्या बाजूला वळला. कट् असा आवाज मला डीजेच्या आवाजातही ऐकू आला. तरी मी आणखी दोन गाणी खेळले. आम्हांला पहिलं बक्षीस मिळालं. इडली कुकर.

घरी लंगडत आले. चौविहार असल्यामुळे गोळी घ्यायची नव्हती. बांनी मायेने तिळाचं तेल गरम केलं आणि अर्धा तास घोटा रगडला, वर मिठाच्या पुरचुंडीने शेक दिला. तेव्हा किती बरं वाटलं म्हणून सांगू! सकाळी उठले तर घोट्याच्या जागी दुधी भोपळा.

डॉक्टरांनी विचारलं, मालिश केली का? शेकलं का? बा शेजारीच बसलेल्या. मी गप्प. मग त्यांनी शांतपणे समजावलं, आणि ते तुम्हांला सांगण्यासारखं आहे, कारण आपल्या प्रत्येक घरात हेच होतं. सांधा मुरगळला की आतले बंध ताणले जातात, थोडे फाटतात, बारीक रक्तवाहिन्या फुटतात. तिथे लगेच उष्णता दिली आणि चोळलं तर रक्त आणखी धावतं, सूज वाढते. पहिले दोन-तीन दिवस शेक नको, चोळणं नको, भार नको. थंड पट्टी पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. क्रेप बँडेज, पण बोटं निळी पडतील इतकं आवळायचं नाही. आणि पाय उशीवर, छातीपेक्षा उंच. जुनाट, आखडलेल्या दुखण्याला आपला शेक आणि तेल छानच आहे, ताज्या दुखापतीला नाही.

तोंडाने सांगितलं की बर्फ लावा, पण आमच्या घरात बर्फ येतच नाही. बावीस अभक्ष्यांत तो आहेच, आणि लावायला तरी कशाला अप्कायाची एवढी विराधना, असं बांचं म्हणणं. पहिल्या दिवशी माठातल्या पाण्यात फडकं भिजवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी ह्यांनी औषधाच्या दुकानातून जेलची पिशवी आणली, ती फ्रीजमध्ये गार करून पंचात गुंडाळून लावायची. बर्फाची गरज पडली नाही. ती पिशवी नवरात्राआधीच घरात आणून ठेवा, रात्री अकराला धावाधाव नको.

एक्स-रे कधी काढायचा, हेही विचारून घेतलं. दुखापतीनंतर चार पावलंसुद्धा टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या बाहेर आलेल्या हाडावर मागच्या कडेला बोट दाबलं की कळ जात असेल, तर थांबू नये. माझं हाड शाबूत होतं. बंध फाटले होते. पट्टा सहा आठवडे.

सहा आठवडे ऐकल्यावर मी मनातल्या मनात बोटं मोजली आणि पोटात खड्डा पडला. त्या वर्षी कार्तिकी पौर्णिमा २७ नोव्हेंबरला होती. चातुर्मासात बंद असलेली शत्रुंजयाची यात्रा त्या दिवशी उघडते, आणि आम्ही दोघींनी, बांनी आणि मी, पालिताण्याची तिकिटं काढून ठेवलेली. सुमारे साडेतीन हजार पायऱ्या. बा तेव्हा एकाहत्तरच्या. माहेर जवळ असल्याने लहानपणापासून कितीतरी वेळा चढलेल्या, प्रत्येक वेळी स्वतःच्या पायांनी. त्या वर्षीही पायीच जायचं होतं. "तू बरोबर असलीस की मी चढते, तू घाई करत नाहीस," असं म्हणायच्या. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सपाटीवर चाला, साडेतीन हजार पायऱ्या चढणं सोडा, उतरणं तुम्हांला महागात पडेल.

तिकिटं रद्द झाली. बा एक शब्द बोलल्या नाहीत. उलट शेजारणींना सांगायच्या, आमच्या सुनेला पहिलं बक्षीस मिळालं. दिवाळीत मी प्रतिक्रमणाला खुर्चीवर बसले. काउस्सग्गात उभं राहता येईना, खमासमणं तर लांबच.

पुढच्या वर्षी जाऊ, असं ठरलं. पण पुढच्या पावसाळ्यात बांचा गुडघा गेला. झीज होतीच, ती वाढली, डॉक्टरांनी पायऱ्या बंद केल्या. २०२४ च्या कार्तिकी पौर्णिमेला आम्ही गेलो. मी चालत, बा डोलीत. डोलीवाले पुढे जायचे, मग वळणावर थांबायचे. मी पोचले की बा माझ्याकडे न बघता पायऱ्यांकडे बघत असायच्या. रामपोळेपाशी त्यांनी डोली खाली ठेवायला लावली आणि तिथून काठी टेकत आदिनाथ दादांच्या देरासरापर्यंत चालत गेल्या.

तो इडली कुकर मी अजून वापरलेला नाही.

तर आता मी काय करते ते सांगते. मी डॉक्टर नाही. फिजिओथेरपिस्ट ताईंनी सहा आठवडे जे करून घेतलं, आणि त्यानंतर मला जे अनुभवाला आलं, तेवढंच.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तयारी नवरात्राच्या पहिल्या रात्री होत नाही. आपल्याकडे तर आणखी एक गोष्ट आहे जिचा इतर बायकांना प्रश्न नाही. पर्युषणात कुणाची अठ्ठाई होते, कुणाचं मासक्षमण. त्यानंतर जेमतेम तीन-चार आठवड्यांत नवरात्र. तपाने मन हलकं होतं, पण स्नायूही उतरतात. पारणं झालं, वजन कमी झालं, घागऱ्याची कंबर आत घ्यावी लागली म्हणून आपण खूश असतो, आणि ज्या मांड्यांनी गुडघा सांभाळायचा त्या अजून भरून आलेल्या नसतात. ज्यांनी मोठं तप केलं असेल त्यांनी या वर्षी टाळ्या वाजवत फेराच्या कडेने चालावं, असं मला मनापासून वाटतं. मूग, मटकी, पनीर, दाणे पोटात जाऊ द्या, दिवसा थोडं थोडं चालायला लागा.

बाकीच्यांनी आजपासून रोज वीस मिनिटं काढावीत. मी देरासरात जाताना रिक्षा सोडली, भरभर चालत जाते. भांडी घासताना ओटा धरून दोन्ही टाचा उचलायच्या, सावकाश खाली टेकवायच्या, पंधरा वेळा, मग थोड्या वेळाने आणखी पंधरा. आठवड्याने एकेका पायावर. दात घासताना एका पायावर उभं राहायचं, जमायला लागलं की डोळे मिटून, भिंत हाताशी ठेवून. हे वाचायला पोरखेळ वाटेल, पण घोटा वेडावाकडा पडला तर क्षणात सावरण्याची जी सवय लागते, ती याच व्यायामाने. आणि खुर्चीत बसल्यासारखं अर्धं खाली वाकून उठायचं, दहा-बारा वेळा, गुडघे एकमेकांकडे न झुकवता. ज्यांचे गुडघे आधीच कुरकुरतात त्यांनी अगदी थोडंच वाकावं.

फिजिओ ताईंनी आणखी एक सांगितलं होतं, पायाच्या अंगठ्याने हवेत अक्षरं काढा म्हणून, घोटा सगळ्या बाजूंनी फिरतो. मी अ काढला आणि बांनी बघितलं. "पायाने अक्षर? ज्ञानाची आशातना!" मग इंग्रजी काढू का विचारलं, तर तेही ज्ञानच. आकडेही ज्ञानच. शेवटी बांनीच तोडगा काढला, जिलेबी काढ. तेव्हापासून मी रोज हवेत दहा जिलेब्या काढते. घोट्याला काही फरक कळत नाही.

आता पाण्याबद्दल, कारण यात आपली खरी अडचण आहे. बाकीच्या बायका बाटली घेऊन येतात, दोन गाण्यांमध्ये दोन घोट पितात. आपल्यातल्या चौविहार करणाऱ्यांना सूर्यास्तानंतर थेंब नाही. घाम मात्र त्यांच्याइतकाच येतो, आणि ऑक्टोबरचा उकाडा तुम्हांला माहीतच आहे. पोटरीत गोळा येणं, डोकं चढणं, गिरकीनंतर डोळ्यांपुढे अंधारी, याचं बरंच मूळ इथे असतं. माझा पाय कार्पेटमुळे मुरगळला खरा, पण त्याआधीच पोटरीने इशारा दिला होता, तो मी ऐकला नाही.

मागच्या वर्षी चातुर्मासासाठी आलेल्या साध्वीजी महाराजांना मी आणि चार-पाच जणींनी विचारलं, गरब्याच्या दिवसांत चौविहाराऐवजी तिविहार घेतला तर? तिविहारात पाणी चालतं. महाराजांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि नऊ दिवस गरबा न खेळण्याचं पच्चक्खाण कुणालाच नाही का सुचलं?" आम्ही हसलो, त्याही हसल्या. मग म्हणाल्या, तिविहार हाही नियमच आहे, शक्तीप्रमाणे घ्यावा. पण तो सकाळी विचार करून ठरवावा, रात्री तहान लागल्यावर नाही.

माझ्यापुरतं मी ठरवलं ते असं. माझा चौविहार मोडायचा नाही, नाच कमी करायचा. नियम माझा आहे, डीजेला त्याचं काय! ज्या दिवशी खेळायचं, त्या दिवशी सकाळपासून उकळलेलं पाणी मोजून पिते, दहा-बारा पेले, दर तास-दीड तासाला एक. सहा वाजता एकदम चार पेले ढोसण्यात अर्थ नाही, ते तासाभरात बाहेर. दुपारच्या जेवणात मीठ-जिरं घातलेलं ताक, संध्याकाळच्या जेवणात मुगाचं पातळ वरण, सूर्यास्ताच्या आत मीठ-साखरेचं लिंबूपाणी. घामातून नुसतं पाणी जात नाही, मीठही जातं. रक्तदाबासाठी मीठ कमी करायला सांगितलं असेल त्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांना विचारूनच. लघवीचा रंग फिकट असेल तर पाणी पुरेसं आहे. गडद पिवळा दिसला तर त्या रात्री मी बसून राहते.

आणि आसो महिन्याची ओळी? ती शुद्ध सप्तमीला सुरू होते, म्हणजे नवरात्राचे शेवटचे, सगळ्यात रंगाचे दिवस नेमके त्यात येतात. दिवसातून एकदाच जेवण, त्यात तूप नाही, तेल नाही, दूध-दही नाही, साखर नाही, भाजी नाही. माझ्या नणंदेने एका वर्षी दुसऱ्या आयंबिलाच्या रात्री दोन तास दांडिया खेळला आणि घरी आल्यावर बाथरूमच्या दारात कोसळली. नशिबाने डोकं वाचलं. तेव्हापासून आमच्या घरात ठरलेलं आहे, ओळी असेल तर दांडिया नाही. ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी उपवासाच्या दिवशी गोळी घेऊन नाचायला उतरणं तर फारच धोक्याचं, साखर झपकन खाली येते.

पाणी न पिण्याचं दुसरं एक कारण आहे, ते आपण एकमेकींनाही सांगत नाही. उडी मारली, शिंक आली, हसलं की थेंब-दोन थेंब लघवी होते. बाळंतपणं झालेल्या, चाळिशी उलटलेल्या कितीतरी जणींना होते. मलाही होते. मग नवा घागरा खराब होईल, मंडपात धड बाथरूम नाही, या भीतीने आपण दुपारपासून पाणीच तोडतो, आणि पाय आखडतात. त्यावर उपाय आहे. लघवी रोखताना जे स्नायू आपण आवळतो ते, पण बाथरूममध्ये नव्हे, एरवी बसल्या-बसल्या, पाच आकडे होईतो आवळायचे, पाच आकडे सैल सोडायचे, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखायचा नाही. फरक पडायला दोन-तीन महिने लागतात, म्हणजे या नवरात्राला उपयोग नाही, पण आज सुरू केलं तर पुढच्या वर्षाला आहे. तोवर पॅड लावा आणि पाणी प्या. नाहीच फरक पडला तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, त्यांना हे नवं नसतं.

पायात काय घालायचं, यावर आमच्या ग्रुपवर दरवर्षी भांडण होतं. मांडवीजवळ, आरतीला अनवाणी, हे सगळ्यांना मान्य. पण सिमेंटवर दीड-दोन तास अनवाणी उड्या मारल्या की टाचा बोलायला लागतात. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकताना टाचेत सुई टोचल्यासारखं होत असेल तर तळव्याखालचा पट्टा सुजला आहे असं समजा. सपाट, पातळ तळव्याच्या मोजड्याही तितक्याच वाईट, वर गुळगुळीत. मी कापडी स्पोर्ट्स शूज घालते, चामडं नसलेले, जाड तळव्याचे. घागऱ्याखाली कुणाला दिसतात? दिसले तरी काय! नवे बूट मात्र पहिल्या रात्री नको, सरावातच मऊ करून घ्या.

घागरा मी आता घोट्याच्या चार बोटं वर शिवून घेते आणि हलका. नाडी एकाच जागी करकचून आवळण्याऐवजी रुंद पट्टा. ओढणी पिनांनी पक्की. आणि जिथे नाचायचं ती जागा उजेडात एकदा चालून बघायची, कार्पेटची कड, वायर, गटाराचं झाकण. हे काम आता आमच्या सोसायटीत मी स्वतःकडे घेतलं आहे. चिकटपट्टीचं बंडल घेऊन फिरते, पोरं मला हसतात.

नाचतानाचं थोडं. पहिली दोन गाणी मी कडेला, अर्ध्या वेगात, उड्या न मारता खेळते, त्याआधी घरीच पाच-सात मिनिटं जागच्या जागी चालून, खांदे-घोटे फिरवून उतरते. गुडघे फिरतात ते बहुतेक गिरकीत. पाय जमिनीला चिकटलेला राहतो आणि अंग वळतं, ती सगळी पिळवटणूक गुडघा सोसतो. म्हणून टाच उचलून, छोटी छोटी पावलं टाकत वळायचं. दांडिया घट्ट धरायची नाही, मनगट दुखतं. टोकाला टोक लागेल इतकंच, आणि समोर लहान मूल असेल तर आपणच वाकून खेळायचं, डोळ्याची भीती असते. संपल्यावर धपकन खुर्चीत बसू नका, पाच मिनिटं चाला, भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणा, एकेक पाय अर्धा मिनिट.

दुखतंय म्हणून गोळी घेऊन पुन्हा खेळायला जाणं, हे मी आजूबाजूला फार बघते. गोळीने दुखणं झाकतं, फाटलेलं जुळत नाही. उपाशीपोटी तर पोटाचंही नुकसान. आणि छातीत दाबल्यासारखं होणं, जबड्याकडे किंवा हाताकडे कळ जाणं, दम न सावरणं, एकदम गार घाम, याला थकवा म्हणू नका, गाणं अर्धं असलं तरी बाहेर या आणि सरळ दवाखाना गाठा. माझा पाय मुरगळला त्याच वर्षी गुजरातेत गरबा खेळताना हृदयविकाराने माणसं गेल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या होत्या, त्यात तरुणही होते.

नऊपैकी मी आता पाचच रात्री खेळते, शक्यतो एक दिवसाआड. लेक म्हणते, मम्मी, तू म्हातारी झालीस. होऊ दे.

मागच्या वर्षी बा माझ्याबरोबर खाली यायला लागल्या. गुडघ्यामुळे खेळता येत नाही, पण प्लास्टिकच्या खुर्चीवर शाल घेऊन बसतात, हातात नवकारवाळी. आमचं ठरलेलं आहे. एक माळ व्हायला त्यांना वीसेक मिनिटं लागतात. माळ संपली की त्या हात वर करतात, मी फेरातून बाहेर येते, पुढची माळ अर्धी होईपर्यंत त्यांच्याजवळ उभी राहते. एवढ्या गोंगाटात जाप कसा होतो कोण जाणे, पण त्या म्हणतात होतो.

एका रात्री मी नुकती कुठे रंगात आले होते आणि बांचा हात वर. मी घड्याळ बघितलं, दहा मिनिटंसुद्धा झाली नव्हती. बाहेर येऊन म्हटलं, "बा, आज एवढ्यात माळ झाली?"

"माळ कुठली व्हायची," बा म्हणाल्या, "तू डावा पाय अर्धा टाकत होतीस."

मला कळलंही नव्हतं. घरी येऊन मोजा काढला तर टाचेला बोराएवढा फोड होता.